बिड फॅलनचं मयत

“मी दमले नाहीये, नुसती बसलेय.”

हे डीलिया टॅन्सीचं वाक्य. आठव्या वर्षी गोठ्यातल्या तिपाईवर ती ते पहिल्यांदा बोलली, तेव्हा अर्धी भरलेली बादली गुडघ्यांत होती आणि कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं होतं. पुढे चित्रीकरणाच्या गडबडीत घडीच्या खुर्चीवर, डब्लिनच्या बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, कुणी विचारलं की ती तेच सांगायची. विचारणारा हसून पुढे जायचा. तिचा थोरला भाऊ मॅलाकी मात्र त्यावर कधी हसला नाही. ती असं म्हणाली की समजावं, हिच्या पायांतलं बळ संपलं. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, तरी ठाऊक असलेलं काही पुसलं गेलं नव्हतं.

किलमोरन गावाच्या वरच्या अंगाला, पश्चिमेचा वारा जिथे सगळ्यांत आधी येऊन आदळतो, तिथे टॅन्सींचं घर आहे. मॅलाकी त्यात एकटा राहायचा. वय शहात्तर. लग्न राहून गेलं होतं. अकरा गाई, एक म्हातारा कुत्रा, आणि भिंतीपलीकडे विनी लाव्हेल नावाची विधवा शेजारीण. विनी त्याच्या वर्गात होती. सोड्याचा पाव भाजला की अर्धा त्याला आणून द्यायची आणि त्या अर्ध्या पावाच्या मोबदल्यात मनात येईल ते बोलायची.

त्या ऑक्टोबरात एके सकाळी ती पाव घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली.

“ऐकलंस का रे? बिड मरणार आहे.”

“कोण बिड?”

“माझ्यापुढे नाटक नको. तुमच्या घरात नाटक करणारी एक पुरे झाली. रविवारी साडेसहाला तुझ्या खिडकीत निळा उजेड असतो, तो काय जपमाळेचा?”

मॅलाकीने पाव कापायला घेतला. सुरी पावात जरा जास्त वेळ राहिली.

बिड फॅलन म्हणजे ‘नॉकबारा’ या टीव्ही मालिकेतली दुकानदारीण. मालिका तेवीस वर्षं चालू होती. नॉकबारा हे गाव नकाशावर नाही, पण त्या गावातल्या लोकांच्या भानगडी सगळ्या देशाला पाठ होत्या. आणि बिड फॅलन म्हणजे डीलिया.

तिला पडद्याची ओढ लागली ती इथेच, किलमोरनच्या चर्चच्या हॉलमध्ये. आमच्या भागात हिवाळ्यात दुसरं काय असतं? गावोगावच्या मंडळ्या नाटकं बसवतात, एकमेकींच्या हॉलमध्ये जाऊन स्पर्धा करतात, परीक्षक सगळ्यांसमोर उभा राहून दोष काढतो आणि लोक ते दोष वर्षभर चघळतात. डीलिया सतरा वर्षांची असताना तिला सत्तरीच्या सासूचं काम दिलं. चेहऱ्यावर पीठ, पाठीवर शाल. परीक्षक म्हणाला, ही मुलगी कधी तरुण दिसेलसं वाटत नाही. तो कौतुकाने म्हणाला होता. आईला ते आवडलं नाही, पण डीलियाने ते जन्मभर पुरवून खाल्लं.

बाविसाव्या वर्षी ती डब्लिनला गेली. दिवसा कापडाच्या दुकानात पडदे मोजून द्यायची, संध्याकाळी मिळेल त्या रंगमंचावर उभी राहायची. आईला दर आठवड्याला पत्र यायचं आणि आई ते चुलीपाशी मोठ्याने वाचायची. पत्रात नेहमी काम किती छोटं आहे तेच असायचं. या वेळी नर्स आहे, दोन वाक्यं. या वेळी फादरच्या घरची स्वयंपाकीण आहे, चहा ठेवायचा आणि जायचं. या वेळी ओढ्यात प्रेत पाहणारी बाई आहे, फक्त किंचाळायचं. नन तर ती सात वेळा झाली. आई म्हणायची, “सात वेळा नन होऊन एकदाही मठात राहिली नाही, देव हिला काय विचारेल कोण जाणे.” वयाने मोठ्या असलेल्या नटांच्या आया तिने केल्या. रस्त्यात लोक तिला थांबवत आणि म्हणत, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय, तुम्ही आमच्या मावशीच्या गावच्या का? ती म्हणायची, हो. ते सोपं पडायचं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बिड आली. तीन भागांपुरती होती. नायक दुकानात येतो, बिड त्याला लोणी देते आणि त्याचा बाप कसा मेला ते सांगून टाकते, एवढंच. पण बिडने लोणी कागदात गुंडाळलं आणि गल्ल्यावरचा पावाचा भुगा तळव्याने गोळा करून दुसऱ्या हातात घेतला, आणि देशभरातल्या म्हाताऱ्यांनी टीव्हीकडे बोट दाखवून म्हटलं, ही खरी आहे. तीन भागांची तेवीस वर्षं झाली.

तो तळवा आईचा होता. मॅलाकीने पहिल्याच रविवारी ओळखलं. भुगा असाच गोळा करायची आई, मग तो दारातल्या चिमण्यांना टाकायची. चष्मा कपाळावर सरकवून माणसाकडे बघणं आईचं. उत्तर द्यायच्या आधी ओठ आत ओढणंही आईचंच. आई तेव्हा जिवंत होती, शेजारच्याच खुर्चीत बसून बघत होती आणि म्हणत होती, “ही बाई फार आगाऊ आहे हं.” तिला स्वतःची ओळख पटली नव्हती. दोघं भावंडं त्यावर फोनवर खूप हसली होती. विनीच्या घरी फोन होता, तिथून.

मग चार वर्षांनी, फेब्रुवारीत, आई गेली.

डीलिया रविवारी दुपारी आली. आईला बैठकीच्या खोलीत ठेवलं होतं, आरसा झाकलेला, हातात जपमाळ. ती आईच्या उशाशी तीन तास बसली, लोकांचे हात हातात घेतले, सँडविचं वाटली. संध्याकाळच्या गाडीने परत जाताना म्हणाली, “सोमवारी शूटिंग आहे, ते झालं की निघते. मंगळवारी चर्चमध्ये अकराच्या मिस्सेला मी तुझ्या शेजारी असेन.” सोमवार पावसाने खाल्ला. शूटिंग मंगळवारवर गेलं. प्रसंग बिडच्या नवऱ्याच्या दफनाचा होता. पन्नास माणसं बोलावलेली, कबर खणलेली, आणि ज्याच्या हातात सूत्रं होती तो दिग्दर्शक म्हणाला, एक दिवससुद्धा हलवता येणार नाही. विनीच्या फोनवर निरोप आला. मंगळवारी अकरा वाजता किलमोरनच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर मॅलाकी एकटा बसला आणि शेजारची जागा सगळ्या गावाने पाहिली.

आमच्याकडे माणसाला पुष्कळ गोष्टी माफ होतात. दारू माफ होते, कुंपण दोन हात पुढे सरकवलेलं पोरांची लग्नं होईपर्यंत माफ होऊन जातं. मयताला न येणं माफ होत नाही. आणि सख्ख्या आईच्या मयताला न येणं, त्याला तर शब्दच नाही. त्याबद्दल लोक फक्त मान हलवतात आणि हवापाण्यावर बोलायला लागतात.

सहा आठवड्यांनी तो भाग लागला. डीलिया काळ्या कोटात कबरीपाशी उभी होती. हातातली माती शवपेटीवर टाकताना तिचा चेहरा असा मोडला की बघवेना. सगळा देश रडला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की अशी रडणारी दुसरी नटी नाही. तिला त्या वर्षी बक्षिसाचा पुतळा मिळाला, छोटासा, पितळी. मॅलाकीने तो भाग शेवटपर्यंत पाहिला, उठून टीव्ही बंद केला आणि मनात म्हणाला, आईचं रडणं हिने परक्या पेटीवर सांडलं. डीलियाची पत्रं आली ती त्याने उत्तर न देता खणात ठेवली. दोनदा ती दारापर्यंत आली तेव्हा तो वरच्या शेतात गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच कुंपण नीट करत बसला. तिसऱ्यांदा ती आली नाही.

पण रविवारी साडेसहाला तो टीव्ही लावत राहिला. दोन अंडी, चहा आणि बिड. लोकांना वाटायचं, रागाने बघतो. रागही होता. पण जगात एकच जागा उरली होती जिथे आईचा हात अजून भुगा गोळा करत होता, आणि ती जागा चुकवणं त्याला जमत नव्हतं. हे त्याने कुत्र्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

“कशाने मरणार?” त्याने विनीला विचारलं.

“झोपेत. दुकानाच्या मागच्या खोलीत. तिनेच मागून घेतलं म्हणे. खुबा गेलाय तिचा, गल्ल्यामागे उभं राहवत नाही. त्यांनी खुर्ची देतो म्हटलं, तर म्हणाली, बिड बसून लोणी देणार नाही.” विनीने पाव स्वतःच्याच पुढ्यात ओढला. “आता पुढचं ऐक. बिडचं माहेर पश्चिमेकडचं दाखवलंय, ठाऊक आहे ना? तर तिला माहेरच्या माणसांत पुरणार आहेत. आणि ते माहेर म्हणून कुठलं चर्च ठरलंय, सांग.”

मॅलाकीने सुरी खाली ठेवली.

“आपलं. येत्या गुरुवारी. फादर अल्टन लगेच हो म्हणाले. वर्षभरात एक बाप्तिस्मा झालाय त्यांच्या हातून, चर्च भरलेलं बघायची त्यांनाही हौस असणार. गर्दीला माणसं हवीत. मी नाव दिलं.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुझंही दिलं.”

“काढ ते.”

“काढते ना. आधी माझं ऐकून घे. तुझं आणि तिचं बोलणं व्हायचं म्हणजे कुणीतरी मरायला हवं. बरोबर?”

ते बरोबर होतं. आमच्या भागातला रिवाजच तसा आहे. इथे अबोला बापाकडून पोराकडे जातो, जमिनीसारखा. पण ज्याच्याशी अबोला त्याच्या घरी मयत झालं तर जायचं, रांगेत उभं राहायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, “तुमच्या दुःखात आम्ही आहोत.” एवढं केलं की दुसऱ्या दिवसापासून बोलता येतं. आधी कोण वाकलं, चूक कुणाची होती, कुणी विचारत नाही. मयताने सगळं झाकलेलं असतं. दुसरा रस्ता नाही. नुसतं दार ठोठावून बोलायला लागणं म्हणजे हार मानणं.

“मग तुमच्यात मरायला उरलंय कोण?” विनी म्हणाली. “तिला नवरा नाही, पोर नाही. तुला मी आणि हा कुत्रा. आता तुमच्या दोघांपैकीच एकाने जायचं, आणि मग हात मिळवायला एकच हात उरेल. तिच्या घरातलं म्हणण्यासारखं एकच माणूस होतं, ते गुरुवारी जातंय.”

“ते माणूस खोटं आहे, विनी.”

“तेवीस वर्षं दर रविवारी तू खोट्या माणसाबरोबर जेवलास तर.”

तो उठला. “ज्या चर्चमध्ये आईची पेटी होती तिथे रिकामी पेटी ठेवून तमाशा करणार. आणि मी टोपी काढून उभा राहू? आईच्या वेळी तिला एक दिवस मिळाला नाही.”

विनी एरवी इथे गप्प बसली असती. एकोणीस वर्षं ती इथेच गप्प बसत आली होती. त्या दिवशी नाही बसली.

“आणि तू रे? खड्डा अर्धा भरला होता तेव्हा तू कुठे होतास?”

मॅलाकीचा हात दाराच्या कडीवर होता, तो तिथेच राहिला.

“लाल गाय अडली होती,” विनी म्हणाली. “कुणीतरी येऊन तुझ्या कानात सांगितलं. फादर अजून शेवटची प्रार्थना म्हणत होते आणि तू भिंत ओलांडून पळालास, चांगल्या सुटात. माझ्या नवऱ्याने तुझ्या वाटची माती टाकली. गावाने पाहिलं. गाव काही बोललं नाही, कारण गाय ही गाय असते. तुझी गाय थांबत नव्हती, तिची पन्नास माणसं थांबत नव्हती. मला तरी दोन्हींत फरक दिसत नाही, पण मी काही शिकलेली नाही.”

ती गेली. पाव तसाच राहिला. वासरू तेव्हा वाचलं होतं. तेच मॅलाकीला पुन्हापुन्हा आठवत राहिलं. कुशीतून ओढून काढताना सुटाची बाही खांद्यापर्यंत बुडाली होती, आणि त्या बाहीकडे बघत गोठ्यात तो एकटा रडला होता. मयतात त्याला रडू आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी विनी गाडीत बसून वाट बघत होती तेव्हा तो काळ्या सुटात बाहेर आला. तिने काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. अर्ध्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, “टाय सरळ कर. सगळा देश बघणार आहे.”

चर्चच्या आवारात मोठाल्या गाड्या, केबली आणि दिवे होते. कानात यंत्र घातलेला एक तरुण दिग्दर्शक, डब्लिनचा, सगळ्यांशी फार गोड बोलत होता. “तुम्ही फक्त नेहमी करता तेच करा,” तो म्हणाला. “रांगेने पुढे या, पहिल्या बाकावरच्या बिडच्या मुलाशी हात मिळवा, पेटीला स्पर्श करा आणि डाव्या बाजूने बाहेर. अभिनय करू नका.”

“अभिनय करू नका म्हणे,” मागून एक म्हातारा कुजबुजला. “ऐंशी वर्षांत मी दुसरं काय केलं?”

मॅलाकीने आत पाऊल टाकलं आणि डीलिया दिसली.

ती पेटीत नव्हती. सकाळी तिला दोन तास पेटीत निजवून उघड्या पेटीचा प्रसंग घेतला होता. आता झाकण लावलं होतं आणि तिचं काम संपलं होतं. तिने गाडीत जाऊन झोपायला हवं होतं. पण ती डाव्या बाजूच्या दाराशी, क्रूस वाहताना येशू तिसऱ्यांदा पडतो त्या चित्राखाली, एका साध्या खुर्चीत बसली होती. अंगावर बिडचा निळा कार्डिगन, वर कुणीतरी पांघरलेला कोट. चेहऱ्यावर मेलेल्या माणसाची पांढुरकी पावडर तशीच. डोळ्यांखाली खऱ्या खाचा. एकाहत्तर वर्षांची होती, पण त्या पावडरीत वय कळत नव्हतं. सतराव्या वर्षी पीठ लावलेला चेहरा म्हातारा वाटला होता, तसाच आताही वाटत होता. फक्त आता पीठ पुसलं असतं तरी तो म्हाताराच राहिला असता. एक मुलगी वाकून तिला काहीतरी विचारत होती. उत्तर मॅलाकीला ऐकू आलं नाही. पण ओठांवरून त्याला ते जुनं वाक्य कळलं.

“चला,” दिग्दर्शक म्हणाला.

रांग निघाली. किलमोरनची माणसं जन्मभर हेच करत आली होती, त्यांना शिकवायची गरज नव्हती. पहिली बाई बिडच्या मुलापाशी गेली. तो मुलगा म्हणजे डब्लिनचा एक उंच नट होता. तिने त्याचा हात घेतला आणि वाक्य म्हटलं. पेटीला हात लावला. मग ती डाव्या बाजूला वळली, समोर डीलिया बसलेली दिसली, आणि तिचे पाय थांबले.

आमच्याकडची बाई. तिच्यापुढे काळ्या कपड्यांतली गर्दी होती, पेटी होती, आणि बाजूला एकटी खुर्चीत बसलेली, ज्या घरचं मयत त्या घरचीच वाटावी अशी थकलेली बाई. तिने दुसरा विचार केलाच नाही. पुढे जाऊन डीलियाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, “तुमच्या दुःखात आम्ही आहोत, डीलिया. फार चांगली बाई होती.”

डीलियाने वर बघितलं. बिडच्या चेहऱ्याने, बिडच्या पावडरीत, बिडसाठीचं सांत्वन. “होती खरी,” ती म्हणाली.

मागचाही तसाच वळला. त्याच्यामागचाही. “लवकर गेली.” “झोपेत गेली, हे एक बरं.” “आमच्या आईला फार आवडायची.” “त्रास नाही ना झाला तिला?” कुणी जपमाळेची डबी पुढे केली, कुणी खिशातून मिस्सेचं कार्ड काढलं, त्यावर फादरची सही होती आणि बिड फॅलनचं नाव, आत्म्याच्या शांतीसाठी.

“कट,” दिग्दर्शक म्हणाला. “थँक यू. थांबा. कट.”

रांग थांबली नाही. आमच्याकडची रांग एकदा निघाली की शेवटचा हात मिळेपर्यंत थांबत नाही. मध्येच थांबणं म्हणजे मागच्याचा अपमान. दिग्दर्शकाने हात वर केले. उंच नट खांदे उडवून बाकावर बसला. फादर अल्टन वेदीपाशी उभे राहून बघत होते, आणि त्यांनी कुणालाही अडवलं नाही.

मॅलाकीच्या पुढे विनी होती. विनी डीलियापाशी वाकली, तिच्या कानात काहीतरी म्हणाली आणि बाजूला झाली. आता मध्ये कुणी नव्हतं.

त्याला वाटलं होतं की पाय जड होतील. तसं काही झालं नाही. रांगेने त्याला ढकललं, एवढंच. त्याने टोपी काखेत धरली आणि हात पुढे केला. तिने तो घेतला. हात थंड होता, आणि आईच्या हातापेक्षा लहान. टीव्हीवर तो मोठा वाटायचा.

“तुझ्या दुःखात आम्ही आहोत, डीलिया,” तो म्हणाला.

तिने ओठ आत ओढले. पावडरीला एक बारीक भेग गेली, ओठांच्या कडेला.

“आलास,” ती म्हणाली.

“मयताला यावंच लागतं.”

“हो.”

मागून कुणीतरी खोकलं. मॅलाकी हलला नाही. जे बोलायला आलो होतो ते झालं, असं त्याला वाटत होतं, आणि झालेलं नव्हतं.

“मी पण नव्हतो,” तो म्हणाला. “शेवटी. माती पडत होती तेव्हा. लाल गाय अडली होती.”

“ठाऊक आहे मला.”

“कुणी सांगितलं?”

“विनीने. त्याच आठवड्यात पत्र लिहिलं होतं.”

मॅलाकीने तिच्याकडे बघितलं. खणातली पत्रं त्याने शेवटी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कधीतरी, फोडून वाचली होती. एकातही गाईचा शब्द नव्हता. माफ कर होतं, पाऊस पडला होता, मी वेडी होते, एकदा तरी लिही. गाईचं काही नाही. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर दोघं बरोबरीने उभी राहिली असती, आणि तिने ते लिहिलं नव्हतं.

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं,” डीलिया म्हणाली. “तू एकटा पुढच्या बाकावर बसला होतास. तेवढं तरी तुझं असू दे म्हटलं.” ती जरा सावरून बसली, खुबा दुखला असावा, डोळे क्षणभर मिटले. “वासरू जगलं का?”

“जगलं. चौदा वर्षं दूध दिलं तिने.”

“बरं झालं.”

कानात यंत्र घातलेला दिग्दर्शक आता त्यांच्या बाजूला येऊन उभा होता. तो फार अदबीने बोलला. सगळं खूप सुंदर झालं, पण हे वापरता येणार नाही. प्रेक्षकांना मेलेली बाई खुर्चीत बसलेली दिसेल. पुन्हा घ्यावं लागेल. आणि सकाळच्या उघड्या पेटीतही एका दिव्याची सावली पडली होती, तेव्हा डीलियाबाईंना त्रास होणार नसेल तर, चेहरा पुन्हा नीट करून, फक्त वीस मिनिटं.

“वीस मिनिटं,” डीलिया म्हणाली. तिने खुर्चीचे हात धरले. मॅलाकीने तिचा कोपर धरला आणि तिला उभं केलं. ती वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

“झाल्यावर घरी ये,” तो म्हणाला. त्याचा आवाज गोठ्यात गाईला हाक मारावी तसा निघाला, खरखरीत.

“आज नाही जमायचं रे. आज मला अजून एकदा पुरून घ्यायचंय.” ती हसली नाही. “रविवारी तीनची बस अजून आहे का?”

“बस बंद झाली. सात वर्षं झाली.”

“मग हॉटेलवर न्यायला ये.”

“येईन. पण गाडी सावकाश चालवतो मी आता. डोळे अधू झालेत.”

“मला कुठं घाई आहे.”

तिने खांद्यावरचा कोट खुर्चीवर ठेवला, कारण बिड पेटीत कोट घालून निजत नाही. मग ती बाजूच्या दाराने बाहेर पडली आणि आवारातल्या खडीवरून गाड्यांच्या दिशेने चालू लागली. उजवा पाय ओढत होता. दर चार पावलांनी ती थांबत होती, थडग्याच्या दगडाला हात लावून, जणू कोरलेलं नाव वाचायला थांबली आहे, आणि मग पुन्हा निघत होती. मेकअपची मुलगी मागून धावत आली तर तिने हाताने तिला मागेच राहायला सांगितलं. दारात मॅलाकी टोपी काखेत धरून उभा होता, आणि त्याच्यामागे, ज्यांचे हात अजून मिळायचे होते ती वीस-पंचवीस माणसं रांग न मोडता उभी होती. ती गाडीपर्यंत पोचेपर्यंत त्यांच्यातलं कुणीच हललं नाही.